चतुराबाई बोलल्या

राजेश्री ओटीपोटाच्या दुखण्यानं पार पिचली होती. नवरा भागवतला टाळून ती रात्री सासूपाशी निजायची आणि सासू चतुराबाई तिच्या दुखण्याला सरळ नाटक म्हणायच्या. असं दुखणं असलेल्या बायकांची सेलूच्या एका दवाखान्यात बैठक भरते हे कळलं, तेव्हा सून तिथं काय सांगते ते बघायला त्याही सोबत आल्या.

राजेश्रीनं धीर करून सांगितलं. उठताबसता निघणारी कळ, नवऱ्याजवळ जायची धास्ती. समुपदेशक ताई म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे." ते ऐकून ती हमसून हमसून रडली.

तेवढ्यात चतुराबाईच बोलल्या, "मलाबी असंच दुखतंय. भागवतच्या येळच्या बाळंतपनापासून. कुनाला बोलले न्हाई." त्यांनाही हुंदका फुटला. राजेश्रीनं उठून सासूला मिठी मारली. बैठकीतल्या साऱ्याजणींचे डोळे भरून आले.

देवगाव फाट्याला बसमधून उतरल्यावर राजेश्रीनं सासूचा हात धरला. "आत्याबाई, आता तुमीच ह्यांना सांगा. माझं दुखनं खरं हाय म्हणून."

"खरंच हाय की." चतुराबाईंनी मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आधी मला नाटक वाटलं, मंग वाटलं तुला काईतरी येगळंच झालंय. हे तर माझंच दुखनं निघालं. ह्याच्यात मी कापूस येचला, लेकरं काढली, मालकाला कधी नको म्हनले न्हाई. मेले का मी? आजपासून माझ्यापाशी निजू नको. भागवतच्या खोलीत जा."