हंबीररावांचा रुमाल

"सर्व्हर बंद करून चालू करूया, सुटंल की सगळं," दत्तप्रसाद पुन्हा म्हणाला.

"नको. आधी कोण कुणामुळं अडलंय ते बघू," अवंतिका म्हणाली.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, सर्व्हरच्या खोलीत दोघंच होते. दत्तप्रसाद संगणक विभागाचा प्रमुख, अवंतिका डेटाबेस सांभाळणारी. एरवी त्याचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू यायचा. आज तो हळू बोलत होता आणि बोलताना एसीकडे बघत होता.

वरच्या मजल्यावर अवयव प्रत्यारोपणाची यादी उघडत नव्हती. कागलच्या रस्त्यावर दुचाकीचा अपघात होऊन एक माणूस मेंदूमृत झाला होता आणि घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला होता. एक मूत्रपिंड बाहेर जाणार होतं, दुसरं याच रुग्णालयातल्या रुग्णाला मिळणार होतं. कुणाला, ते यादी सांगणार. आणि संगणकावर यादी दगडासारखी अडून बसली होती.

"तुम्ही नको होतं बसायला," दत्तप्रसाद म्हणाला. "मी पुण्याच्या माणसाला फोन लावला असता."

"तो रीस्टार्टच सांगणार. आणि वर नुसतं बसून मी काय करू?"

डेटाबेस अडला की माणसं आधी सर्व्हरला शिव्या घालतात. सर्व्हर बिचारा बहुतेक वेळा सांगितलेलं काम इमानदारीनं करत असतो. खोट असते ती माणसाच्या सवयीत. अवंतिकाला हे अनुभवानं माहीत होतं, म्हणून कोण कुठल्या संगणकावरून आत शिरलंय, ते एकेक सेशन ती तपासत गेली. हात सवयीनं चालत होते. तिला काहीच वाटत नव्हतं. काहीतरी वाटायला हवं, एवढं मात्र तिला कळत होतं.

"सापडलं," ती म्हणाली. "हंबीरराव."

हंबीरराव म्हणजे यादी सांभाळणारे जुने कारकून. त्यांनी शनिवारी एक नोंद बदलायला घेतली, सेव्ह केली नाही, आणि मॉनिटर बंद करून घरी गेले. मॉनिटर बंद म्हणजे संगणक बंद, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं झालंय," अवंतिका म्हणाली. "रुमाल आहे, माणूस नाही. आणि सगळी गाडी उभी."

"मग टाका की रुमाल उचलून!"

"त्यांनी काय बदललं होतं ते न विचारता? सेशन तोडलं की त्यांचं अर्धं काम पुसलं जाणार. रीस्टार्टनं पण तेच होणार."

हंबीररावांचा संगणक ज्या खोलीत, तिला कुलूप होतं. किल्ली त्यांच्या कमरेला, आणि आज माघातला रविवार. हंबीरराव खेटे घालायला, म्हणजे माघातल्या रविवारच्या पायी वारीला, जोतिबाच्या डोंगरावर गेले होते. दत्तप्रसाद फोन लावत राहिला. फोन लागत नव्हता.

डॉक्टर स्नेहल खाली आली. प्रत्यारोपणाची सगळी जुळवाजुळव तिच्याकडे होती. ती दारातच थांबली.

"मॅडम, घाई करत नाही मी. पण ज्याला द्यायचं त्याला बोलवायला हवं, तपासायला हवं. उशीर झाला तर..."

"फुकट जाणार नाही," अवंतिका म्हणाली. ते जरा मोठ्यानं निघालं. "कुणाला तरी लागलंच पाहिजे ते. चुकीच्या माणसाला बोलावून वेळ घालवायचा नाही, आणि फुकटही घालवायचं नाही."

दत्तप्रसादनं मान खाली घातली. तेवढ्यात फोन लागला. त्यानं तो स्पीकरवर टाकला. मागून चांगभलंचा गजर ऐकू आला.

"हंबीरराव, मी अवंतिका. शनिवारी यादीत काय बदलत होता तुम्ही?"

"व्हय म्याडम, ते ऱ्हायलंच की! डायलिसिसवाल्यांचा फोन आलता. त्यो यादीत सगळ्यात वरचा, कुरुंदवाडचा पेशंट हाय न्हवं, त्याला ताप भरलाय. बरा हुईस्तवर त्याला बाजूला ठेवा म्हणाले. तेच करत हुतो, तवर आमच्या मंडळींचा फोन आला, खेट्याची तयारी करायची म्हणून."

"म्हणजे आत्ता त्याला बोलवायचं नाही."

"अजिबात न्हाय. पर म्याडम, ऐतवारी बी काम व्हय? घरी जावा की. सायेब जेवायचे थांबले असतील."

"हंबीरराव, ठेवा आता," दत्तप्रसाद म्हणाला आणि त्यानं फोन कापला.

अवंतिकानं हंबीररावांचं सेशन तोडलं. एकामागून एक अडलेली कामं सुटली आणि यादी उघडली. तिनं खुर्ची मागं सरकवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"ताप आलेल्याला बाजूला ठेव. पुढचं नाव तूच बघ, स्नेहल. मला सांगू नकोस."

स्नेहलनं डायलिसिस विभागाला विचारून खात्री केली, नोंद बदलली आणि सेव्ह केली. मग नाव पाहिलं आणि फोन लावला. पलीकडं कुणी बाई असावी, तिचं रडणं इथवर ऐकू आलं.

"अक्का, रडू नका. आता काही खायला-प्यायला देऊ नका, आणि लगेच निघा. हो, मिळालंय. हो, खरंच मिळालंय."

अवंतिका ऐकत होती. दत्तप्रसादनं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. तिनं तो हातात धरला, प्यायली नाही.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं."

"काही अडलं तर दत्तप्रसादना सांग. पण रीस्टार्ट करू देऊ नकोस."

स्नेहल तरीही गेली नाही. तिनं अवंतिकाच्या हातातला कप काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"मॅडम, चला, निरोप घ्या. तुमच्या मिस्टरांना थिएटरमध्ये न्यायला आलेत."