अडखळणारी रेघ

छातीवर चिकटवली की हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवील, अशी वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकची फिल्म लेकीने प्रयोगशाळेत बनवली होती. परीक्षक यायच्या आत तपासून पाहावी म्हणून तिने ती बाबांनाच लावली. पडद्यावरची रेघ सारखी अडखळू लागली.

"घाईत यंत्रावर गरगर फिरवून फिल्मचा थर दिलास, वीज नीट वाहणार कशी?" तिचे गाईड सर वैतागले.

तिने सावकाश वाळवलेली दुसरी फिल्म लावली. रेघ ठळक झाली, पण अडखळणं तसंच.

"अजून किती वेळ उघडा बसवणार आहेस गं?" बाबांनी विचारलं.

सरांनी तीच फिल्म काढून स्वतःच्या छातीवर लावली. ठोके एकसारखे उमटले.


"बाबा, उठू नका," ती हळूच म्हणाली. सर तोवर ॲम्ब्युलन्सला फोन लावत होते.