बदली गोलकीपर

"तुम्ही गळेकापू आहात. आणि गळा कापायला सुरी दिलीत ती आमच्याच पोरींच्या हातात!"

अरुणा एका दमात बोलून गेली आणि टेबलापलीकडच्या दोघांकडे बघत राहिली. पद्माकर म्हणजे हॉकी लीगच्या मालकांचा सिंगापुरातला मुख्य माणूस. शेजारी प्रबोध, मालकांचा वकील, नुकताच पुण्याहून आलेला. एकाचीही पापणी हलली नाही.

सुरुवात तिने इंग्रजीत केली होती. तेव्हा पद्माकर हसला होता. "इंग्रजीत तुमचा राग रजेच्या अर्जासारखा वाटतो, मॅडम. मराठीत या."

आता तो म्हणाला, "बसून काय भांडता? उभ्या राहा."

ती उभी राहिली. एसीचा झोत थेट अंगावर येत होता. तिने ड्रॉवरमधला रिमोट काढून तो कमी केला आणि पुन्हा सुरुवात केली.

"तुमच्या खेळाडूंनी मागितलं काय? खेळताना गुडघा गेला तर उपचार तुम्ही करा, एवढंच. त्यांनी संप केला नव्हता. कुलूप तुम्ही लावलंत. मालकांचं आणि मोठ्या खेळाडूंचं भांडण, त्यात आमच्या पोरींचा काय संबंध? पण त्या ज्युनियर लीग खेळतात तुमच्याच मैदानावर, आणि त्यांना शिकवतात तुमच्याच खेळाडू. मैदान बंद, कोच गेटाबाहेर. पोरींची लीग मेली आणि तुम्ही साधी चौकशीही केली नाहीत."

"पुढे?" प्रबोधने विचारलं.

"पुढे तुम्ही लाज सोडलीत. टीव्हीवर सामने दाखवायचं कबूल करून बसलात आणि खेळायला माणूस नाही. मग ज्युनियर पोरींना फोन! या, सीनियरची जर्सी घाला. नाही आलात तर ज्युनियर लीग उघडेल तेव्हा तुमचं नाव नसेल. शाळेतल्या पोरींना धमकी देता?"

"असं आम्ही लेखी कुठे दिलंय?"

"फोनवर दिलंत. कागदावर द्यायला छाती लागते."

प्रबोधने पद्माकरकडे पाहिलं. "हे झोंबतंय."

"झोंबू दे," पद्माकर म्हणाला आणि त्याने वहीत काहीतरी खरडलं.

अरुणाचे कान तापले. लाज तिला सकाळपासूनच वाटत होती. सेंगकांगमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये विभा बाथरूमच्या दारात बसून गोलकीपरचे पॅड पुसत होती. मान वर न करताच म्हणाली होती, "आई, शनिवारी मी सुरेखाताईच्या जागी उभी नाही राहणार. शी टॉट मी एव्हरीथिंग. कॅनॉट लाइक दॅट, लाह, असं नाही चालत."

"आधी खाऊन घे."

"तू सांगशील ना त्यांना? कॅन ऑर नॉट?"

"सांगते," अरुणा म्हणाली होती, पण पोह्यांच्या कढईकडे बघत. पोरीच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत झाली नाही.

नवरा, निशिकांत, मध्येच बोलला होता. "विभा, आईच्या नोकरीच्या पासवर आपण तिघं या देशात आहोत. नोकरी गेली तर पास जाईल, पास गेला तर तुझी शाळाही गेली आणि हॉकीही. आईला कोंडीत पकडू नकोस."

पोरगी पुन्हा पॅड पुसायला लागली होती. ते बघूनच अरुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"थांबलात का?" पद्माकरने पेन टेबलावर आपटलं. "दम संपला? असल्या भांडणाला कोण भीक घालणार?"

अरुणा दोन्ही हात टेबलावर टेकून पुढे झुकली.

"सुरेखा तुमची गोलकीपर. गुडघा तिचा गेलाय. आज ती काठी टेकत चालते, आणि माझी विभा पॅड कसे बांधायचे हे तिच्याकडून शिकली. आणि आता तुम्ही तिच्याच जागी तिच्याच शिष्येला उभं करता? कळतंय का काय करताय? हे भांडण आज ना उद्या मिटेल. मालक आणि खेळाडू हात मिळवतील, फोटो काढतील. पण जी पोरगी शनिवारी मैदानात उतरेल, तिला पुढे कुठल्याही संघात कोणी जवळ करणार नाही. फितूर म्हणतील. चूक तुमची, आणि डाग तिच्या..."

तिचा आवाज चिरकला.

"रडू नका," पद्माकर थंडपणे म्हणाला. "बाई रडली की ऐकणारा सुटतो. पाणी द्यायचं, विषय संपला. ताठ बोला."

तिने डोळे पुसले. पाणी कोणी दिलं नाहीच.

"पोरींना उतरवू नका. ज्युनियर लीग उघडा, त्यांच्या कोचना आत घ्या. मोठ्यांशी काय कुस्ती खेळायची ती खेळा, पण ढाल म्हणून आमची लेकरं धरू नका. तुमच्या घरात पोरी नाहीत का? त्यांना असं उभं केलं असतंत?"

तिला वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो. आणि त्याचीच जास्त शरम वाटली.

पद्माकरने टाळ्या वाजवल्या. "फक्कड! उद्याच्या पालकसभेत ह्याहून जहाल कोणी बोलणार नाही. प्रबोध, एकही मुद्दा सुटला नाही ना?" मग तो उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि आपली रिकामी खुर्ची तिला दाखवली. "चला अरुणा, आता तालीम उलटी. तुम्ही आमच्या प्रवक्त्या, तिथे बसा. मी विभाची आई. बोला, शनिवारी माझ्या पोरीला का उतरवताय?"