काटा आठवर

काटा पुन्हा तीनवरच अडकला.

तोताराम मिस्त्रीनं गाडी पिंप्राळ्याच्या रस्त्याकडेला घेतली. पंधरा दिवसांत ही तिसरी खेप. टर्बोचा काटा आठवर गेला की पंखा इंजिनात नीट हवा कोंबतोय असं समजायचं. तीनवर मात्र ही लाल जपानी गाडी चढाला मालरिक्षासारखी कुंथत होती.

शेजारी निर्मलकुमार बसला होता, जळगावचे कापूसवाले चंपालाल यांचा एकुलता एक मुलगा. उद्या रविवारी साक्रीकडच्या घाटात मोटारींची शर्यत होती. आपला पोरगा पहिला येणार, हे चंपालालनी जळगावापासून धुळ्यापर्यंत भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. आता माघार घेणं म्हणजे भर बाजारात बापाचं नाक कापणं.

"नाहीच होणार का, भाऊ?" निर्मलकुमारनं विचारलं. "नसेल होत तर तसं लिहून द्या. मिस्त्रीची चिठ्ठी असली की नाव मागे घेता येतं. बाबाही काही बोलणार नाहीत."

तोतारामला हे चांगलंच झोंबलं.

"बावीस वरीस व्हयनात, शेठ. आजपावत एक गाडी मी हारीसन परत धाडेल नही."

आणि ते खरंच होतं. पहिल्या खेपेला हवेच्या पाइपाची पट्टी ढिली निघाली होती. ती त्यानं आवळली. दुसऱ्या खेपेला रबरी नळीला चीर सापडली, अगदी सरळ, ब्लेडनं मारावी तशी. तोतारामनं उंदरांना चार शिव्या घातल्या. "आमच्या गोडाऊनमध्ये उंदीर फार आहेत," असं निर्मलकुमारनंही सांगितलं. नळी बदलली, काटा आठवर गेला, आणि चार दिवसांत गाडी पुन्हा दारात.

आज त्यानं गाडी गॅरेजात आणून एअर फिल्टरच काढला. मागच्या पाइपात हात घातला तर बोटांना कापड लागलं. लाल कापडाची मूठभर पोटली होती ती. पंख्यात ओढली जाऊ नये म्हणून तारेनं पक्की बांधलेली. आत अक्षता.

तोतारामनं साबणानं हात धुतले, पोटली कपाळाला लावली आणि मग पोट धरून हसला.

"अक्कानं काम शे हाई!"

अक्का म्हणजे झमकूबाई, निर्मलकुमारची आई. ट्रकवाल्यांच्या आयांनी नाही नाही तिथे खोचलेली लिंबं आणि बिब्बे तोतारामनं आजवर ढिगानं काढले होते. देवाला गाडीत नेमकं कुठे बसवावं, हे या बायकांना कोण सांगणार!

निर्मलकुमार हसला नाही.

"असेल," तो म्हणाला. "आईला मात्र काही विचारू नका. तिला वाईट वाटेल."

पोरगा गुणी आहे, तोतारामच्या मनात आलं. त्याला त्या पोराचं फार कौतुक वाटलं.

पहूरच्या रस्त्याला ट्रायल घेतली. काटा सरसरत आठवर गेला. तोताराम आनंदानं ओरडलाच. परत आल्यावर त्यानं एक स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि काटा नऊवर नेला, आपल्याकडून भेट म्हणून. निर्मलकुमारचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"ऊन फार आहे," तो म्हणाला.

रविवारी घाटाखाली ही गर्दी. चंपालाल शर्यतीआधीच पेढे वाटत होते. निर्मलकुमार बापाच्या पाया पडला, आईच्या पडला, आणि मग सगळ्यांसमोर त्यानं तोतारामच्याही पायांना हात लावला. तोतारामचा ऊर भरून आला. एवढा मान त्याला आजवर कोणत्या शेठनं दिला नव्हता.

झेंडा पडला. गाडी किंचाळत सुटली, पहिल्या वळणावर मागचा भाग घसरला, सावरला आणि ती दिसेनाशी झाली. वरच्या वळणांवरून नुसता आवाज येत राहिला. बायका कानांवर हात ठेवून उभ्या होत्या. झमकूबाईंनी डोळे घट्ट मिटले होते.

त्यांना बघून तोतारामला राहवलं नाही. विचारायचं नव्हतं, पण सांगायला काय हरकत होती?

"अक्का, राग मानू नका. तुमची पोटली पाइपातून मी काढली. देव आपला समोर काचेजवळच बरा. गाडी आता बघा कशी पळते!"

झमकूबाईंनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्ही काढली?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्याला आपणहून धीर आला."

"म्हणजे?"

"ती पोटली त्यानंच माझ्याकडून मागून नेली होती, भाऊ. लहान मुलासारखा रडत होता. म्हणाला, आई, ही एकदा आत बसली की मला घाटात जावं लागणार नाही."