साडेतीनशे वॅट

दुपारी तिसऱ्यांदा घरातला फ्यूज उडाला, तेव्हा एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या दाभाडेमास्तरांनी मुलाला समजावलं, “तुझ्या आईचं ऑक्सिजनचं मशीन साडेतीनशे वॅट ओढतं, तुझा एसी पंधराशे. दोन्हींचा भार ही लाइन सोसत नाही. एसी बंद ठेव.”

मोबाइलवरची नजर न काढता मुलगा म्हणाला, “उकाड्यात पोरं झोपत नाहीत, बाबा. आईचं मशीनच तासभर बंद ठेवलं तर?”

याला गणित कळलं नाही, असं वाटून मास्तर पुन्हा समजावू लागले. मग मुलाचा चेहरा पाहून थांबले. त्याला गणित नीट कळलं होतं.

संध्याकाळी ते बायकोला घेऊन शेजारच्या गल्लीतल्या आपल्या जुन्या खोलीत राहायला निघाले. मशीन रिक्षात ठेवायला मुलाने हात लावला. राहा, असं मात्र म्हणाला नाही.