गाडी उभी राहणार असेल तर

टेलरबाईंनी दुकानदारासमोरच नवऱ्याला सांगून टाकलं की तुमचं डोकं ठिकाणावर नाही.

नवऱ्यानं नुसती मान डोलावली. त्यामुळे त्या आणखीच भडकल्या. आपण तावातावानं भांडावं आणि समोरच्यानं मान डोलवावी, यासारखा छळ नाही.

भांडण फ्रिजवरून होतं. नवरा ॲम्ब्युलन्स चालवून निवृत्त झाला आणि त्यानं एक जुनी व्हॅन घेऊन मागच्या बाजूला गादी टाकली. आता दोघांनी फिरायचं, गाडीतच झोपायचं. इथवर बाईंनी ऐकून घेतलं. पण नवऱ्याला रोज इन्सुलिन लागायचं. तापलेल्या गाडीत ते टिकणार नाही, म्हणून छोटा फ्रिज आला. आता त्याला वीज कुठून द्यायची, यावर घोडं अडलं होतं.

बॅटरीच्या दुकानदारानं सरळ सांगितलं. गाडीच्या मूळ बॅटरीवर फ्रिज लावलात तर सकाळी गाडी सुरू व्हायची नाही. वेगळी बॅटरी बसवा. गाडी रोज चालणार असेल तर ती इंजिनावरच चार्ज होते, स्वस्तात काम होतं. एकाच जागी उभी राहणार असेल तर मात्र टपावर सोलर पॅनेल लागेल, आणि त्याचे पैसे वेगळे.

बाई म्हणाल्या, नुसती बॅटरी द्या. फिरायला निघालेला माणूस गाडी उभी कशाला करेल? नवरा म्हणाला, पॅनेल हवं.

बाईंचा तोल सुटला. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या कपड्यांना टाके घालून घर चालवलं, चिंध्यांच्यासुद्धा उशा केल्या, आणि हा बाबा म्हातारपणी टपावर काचा मिरवणार. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्या लग्नापासून सांगत होत्या. तो ऐकून घ्यायचा आणि पाय पसरायचा.

दुकानदार कंटाळला. "काका, गाडी किती दिवस एका जागी उभी राहणार, तेवढं सांगा. त्यावर पॅनेल ठरेल."

नवऱ्यानं चष्मा पुसला. "पोरगी दार उघडेपर्यंत."

लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा 'तू आम्हाला मेलीस' हे बाईच म्हणाल्या होत्या. तेव्हापासून लेकीनं आईबापाचा फोन उचलला नव्हता. एकदा नवऱ्याला न सांगता बाई तिच्या घरी जाऊन, बेल वाजवून, आतून पंख्याचा आवाज ऐकून संध्याकाळच्या गाडीनं परतही आल्या होत्या. आणि हा माणूस त्या दारासमोर व्हॅन लावून बसणार होता. त्यांना ते कळत होतं कुठे, तर बॅटरीच्या दुकानात. त्यांना नवऱ्याचा राग आला, लेकीचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. डोळे भरले तेही रागानंच.

दुकानदारानं चाचरत एक छोटं पॅनेल काढलं. आठवडा आरामात निघेल म्हणाला.

"मोठं दाखवा," बाई खेकसल्या. "पोरगी माझ्यावर गेलीय."