दुप्पट गोळी

हर्मिनाने आणखी एक ओला कागदी रुमाल आपल्या नंबरच्या पिशवीत कोंबला आणि तोंड फिरवलं. स्वतःच्याच शेंबडाची तिला शिसारी आली होती. संध्याकाळी या पिशव्यांचं वजन होणार होतं. जितकी पिशवी हलकी, तितकी गोळी गुणाची.

व्हिएन्नातल्या या काचेच्या खोलीत गवताचे पराग हवेत सोडायचे, अ‍ॅलर्जीवाल्यांना त्यात बसवायचं आणि नवी गोळी कितपत लागू पडते ते पाहायचं, असा सगळा प्रकार होता. मागच्या बैठकीत एका गोळीने तिचं नाक वाहणं जेमतेम निम्म्यावर आलं. म्हणून आज डॉक्टर सेडलाचेक बाईंनी डोस दुप्पट केला होता. धोका नाही, पण झोप येईल, गाडी चालवू नका, वाइनला हात लावू नका, असं बजावलं होतं.

शेजारचा कोलार, निवृत्त ट्रामचालक, त्या झोपेतच होता. तोंड उघडं, हनुवटीवर लाळेची तार. नाक मात्र कोरडं ठणठणीत. या ध्यानाला गोळी लागू पडते आणि आपल्याला नाही, याचा तिला संताप आला.

तिचं सगळं या गोळीवर अडलं होतं. जूनमध्ये ती टिरोलच्या डोंगरातल्या आलोइसशी लग्न करणार होती. त्याच्याकडे उंबऱ्यापर्यंत गवत आणि माळ्यावर आढ्यापर्यंत वाळला चारा. माणूस मोठ्या मनाचा; तिच्यासाठी त्याने नवी न्हाणी बांधली होती. त्याच्या कोटाला गोठ्याचा वास यायचा. गाईला थोपटलेल्या हातानेच तो पाव कापायचा आणि तिला मळमळायचं. पण ते काय, सवयीने जातं, असं ती मैत्रिणींना सांगायची. आड येतंय ते फक्त नाक.

चोळून चोळून डोळे लाल झाले. पिशवी भरत आली. मधल्या सुट्टीत तिने बाहेर जाऊन त्याला फोन लावला.

"दुप्पट घेतली, तरी गळतंच आहे," ती म्हणाली. "इथे चिमूटभर परागांत ही दशा. तुझ्याकडे मी मरून जाईन रे."

"मग मीच खाली येतो," तो म्हणाला. "गाई भावाला देऊन टाकतो."

आपल्या लख्ख स्वयंपाकघरात तो मोजे काढून बसलाय, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिच्या अंगावर काटा आला.

"नको. शहरात तू सुकून जाशील. गवताने घात केला आपला, दुसरं काय."

"तुझा काय दोष त्यात," तो म्हणाला. " अंगठी राहू दे तुझ्याकडेच." त्याचा आवाज भरून आला होता. फोन ठेवून तीही रडली, अगदी मनापासून.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी तिची पिशवी काट्यावर ठेवली. आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. लग्न मोडल्याचं हर्मिनाने त्यांना सांगून टाकलं. गोळीला दोष देत नाही, म्हणाली, आपलं नाकच असं मेलं.

डॉक्टरबाई हातमोजे काढत राहिल्या.

"हर्मिनाबाई, एक बैठक आम्ही कुणालाही न सांगता कोरी घेतो," त्या म्हणाल्या. "आज खोलीत पराग सोडलेच नव्हते."